चुंबकाची शक्ती लोखंडात उतरत नाही

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये स्क्रू ड्रायव्हरचे टोक चुंबकावर घासून घेतात, म्हणजे बारीक स्क्रू त्याला चिकटून राहतो. त्यावरून चुंबकाची शक्ती टोकात उतरते आणि चुंबक तेवढा रिता होतो, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो साफ चुकीचा आहे.

लोखंडात चुंबकत्व आधीपासूनच असते. फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर वाइस यांनी 1907 मध्ये मांडल्याप्रमाणे लोखंड सूक्ष्म डोमेनमध्ये, म्हणजे बारीक चुंबकीय भागांमध्ये, विभागलेले असते. प्रत्येक डोमेनमधील अणूंचे चुंबकत्व एकाच दिशेला असते, परंतु निरनिराळ्या डोमेनच्या दिशा भिन्न असल्याने बाहेर त्यांचा परिणाम जवळजवळ शून्य होतो. चुंबक जवळ आला की अनुकूल दिशेची डोमेन, त्यांच्या सीमाभिंती सरकल्यामुळे, शेजारच्यांना मागे सारून वाढतात. हे सरकणे सलग नसते, हे मला यातले सर्वांत विलक्षण वाटते: जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिक बार्कहाउझेन यांनी 1919 मध्ये लोखंडाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्याला प्रवर्धक (अ‍ॅम्प्लिफायर) जोडला, तेव्हा चुंबकत्वाच्या या बारीक उड्यांची खरखर चक्क ऐकू आली.

मग साधा खिळा चुंबकापासून दूर होताच स्क्रू का सोडतो? मऊ लोखंडात भिंती सहज माघारी सरकतात. स्क्रू ड्रायव्हरच्या कठीण पोलादात मात्र कार्बनमुळे आणि स्फटिकांतील दोषांमुळे त्या अडकून पडतात, म्हणून टोक चुंबकच राहते. जोराचे ठोके बसले की त्या पुन्हा सुटतात, आणि लोखंड सुमारे 770 अंश सेल्सिअसच्या वर तापले की डोमेनच उरत नाहीत.