कॉपीराइटची साठ वर्षे आली कुठून?

जुने मराठी पुस्तक पुन्हा छापायचे किंवा संकेतस्थळावर ठेवायचे ठरले की पहिला प्रश्न मुदतीचा येतो: लेखक जाऊन साठ वर्षे झाली का? जगात बहुतेक देशांत ही मुदत 50 किंवा 70 वर्षांची आहे. आपल्याकडची साठ वर्षे एका कवीच्या साहित्यापायी ठरली.

कंपनी सरकारच्या 1847 च्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरची अवघी 7 वर्षे धरलेली होती. 1911 च्या ब्रिटिश कायद्याने ती 50 केली, आणि 1914 मध्ये तोच कायदा काही फेरफार करून इथे लागू झाला. त्यातला एक फेरफार भाषांतराचा होता. इथे प्रथम प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचे एखाद्या भाषेत दहा वर्षांत अधिकृत भाषांतर निघाले नाही, तर त्या भाषेपुरता लेखकाचा हक्क संपे. स्वतंत्र भारताचा 1957 चा कायदा 21 जानेवारी 1958 पासून अमलात आला, त्यानेही 50 वर्षेच ठेवली.

रवींद्रनाथ ठाकूर 7 ऑगस्ट 1941 रोजी गेले. मुदत मृत्यूच्या तारखेपासून मोजत नाहीत, पुढच्या 1 जानेवारीपासून मोजतात. म्हणजे त्यांच्या साहित्यावरचा विश्वभारतीचा (त्यांनीच स्थापलेल्या विद्यापीठाचा) हक्क 31 डिसेंबर 1991 ला संपणार होता. 28 डिसेंबरला वटहुकूम निघाला, 1992 मध्ये त्याचा कायदा झाला आणि 50 ची 60 झाली. ही वाढ एकट्या रवींद्रनाथांपुरती ठेवता आली असती. ती सरसकट सगळ्यांना दिली, हे चुकलेच. साने गुरुजी 1950 साली गेले. त्यांचे लेखन 1 जानेवारी 2001 ला खुले व्हायचे, ते 2011 ला झाले. 1940 किंवा त्याआधी वारलेल्यांचा हक्क मात्र आधीच संपला होता. तो पुन्हा जिवंत झाला नाही.

हिशेब चुकतो तो मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनात. तिथे साठ वर्षे मृत्यूपासून नव्हे, पहिल्या प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून धरतात. बहिणाबाई चौधरी 1951 च्या डिसेंबरात गेल्या, त्यांच्या गाण्यांचा संग्रह 1952 साली आला. म्हणून मुदत 2011 अखेर नव्हे, 2012 अखेर संपली. इथे फरक एका वर्षाचा पडला. पण आजोबांच्या ट्रंकेत सापडलेली अप्रकाशित डायरी आज प्रथम छापली, तर आजोबा केव्हाही गेलेले असोत, मोजणी आजपासून सुरू होऊ शकते.

दुसरी चूक म्हणजे एका कृतीत एकच हक्क असतो असे धरून चालणे. गीतरामायण पाहा. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, ते 1977 साली गेले, तेव्हा शब्दांची मुदत 2037 अखेरपर्यंत. चाली सुधीर फडक्यांच्या. ते 2002 साली गेले, म्हणून चालींची मुदत 2062 अखेरपर्यंत. ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा, तो त्या ध्वनिमुद्रणाच्या प्रकाशनानंतर साठ वर्षे. म्हणजे 2038 साली गीते पुस्तकात बिनधास्त छापता येतील, पण बाबूजींच्या चालीत ती गाऊन नवी ध्वनिफीत काढायची तर चालींच्या हक्काचा विचार करावाच लागेल.

पुस्तकांचेही तेच. मूळ लेखन खुले झाले तरी नंतरच्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा, मुखपृष्ठ, आतली चित्रे यांचे हक्क ज्याचे त्याचे असतात. भाषांतर ही तर स्वतंत्र कृतीच, तिथे भाषांतरकाराचे मृत्युवर्ष पाहायचे. म्हणून स्कॅन करायला घ्यायची ती शक्यतो लेखकाच्या हयातीतली आवृत्ती. छायाचित्रांची मुदत पूर्वी प्रकाशनापासून मोजत. 2012 च्या दुरुस्तीने ते कलम काढले. आता तिथेही छायाचित्रकाराचे आयुष्य अधिक 60 वर्षे.

त्याच दुरुस्तीत आणखी एक बदल झाला, ज्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. लेखनाची मोडतोड करून लेखकाच्या नावाला बट्टा लागला, तर दाद मागण्याच्या हक्काला पूर्वी कॉपीराइटच्या मुदतीची अट होती. ते शब्द 2012 मध्ये वगळले गेले. साने गुरुजींचे पुस्तक आज कुणीही छापावे; त्यात मनाचे परिच्छेद घुसडून वर त्यांचे नाव घालता येणार नाही.