बी-वन फॉर्म आला कुठून, आणि त्यात निर्णय साहेबांचाच का

कोकणात साकवाचं (ओढ्यावरच्या छोट्या पुलाचं), शाळेच्या खोल्यांचं नाहीतर गावच्या रस्त्याचं सरकारी काम घेतलेल्या कुणालाही विचारा, बी-वन आणि बी-टू ही बांधकाम खात्याच्या छापील टेंडर-कराराची नावं त्याला तोंडपाठ असतात, पण आतली कलमं सलग वाचलेला माणूस क्वचित भेटतो. बी-वन म्हणजे टक्केवारीचं टेंडर, सरकारी अंदाजपत्रकावर आपण एकच आकडा टाकायचा, इतके टक्के बिलो किंवा अबव्ह. बी-टूमध्ये प्रत्येक बाबीचा रेट आपण भरायचा. सह्या सगळ्या पानांवर करतो, आणि मग कामात काही अडलं की पहिल्यांदा क्लॉज 30 उघडतो, तिथे असतं की ड्रॉइंग, स्पेसिफिकेशन, मालाची प्रत याबाबत खात्याच्याच अधीक्षक अभियंत्यांचा निर्णय अंतिम. म्हणजे ज्यांचं काम तेच पंच. हे कसं झालं ते समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

आपल्या भागातलं मोठ्या ठेक्याचं एक जुनं उदाहरण म्हणजे बोरघाटातली रेल्वे, कर्जतच्या बाजूने खंडाळ्याला चढणारी. काम 1856 ला सुरू झालं, ठेका फॅव्हिएल नावाच्या इंग्रज ठेकेदाराकडे, मुंबई-ठाणे पहिली लाईन बांधणाऱ्यांपैकीच तो. 1859 च्या सुरुवातीला मजुरांचे पगार थकले म्हणून घाटात दंगल झाली, चौकशी बसली आणि त्याच वर्षी त्याने ठेका सोडला. मग ट्रेडवेल आला, तो इथे पोचून थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ठेका पुढे चालवला, 1863 ला लाईन सुरू झाली. ठेकेदार मधेच गेला तर उरलेलं काम कुणाचं आणि मजुरांचे पैसे कोण देणार, हे दोन्ही प्रश्न तिथे अगदी उघडे पडले होते. आज बी-वनच्या क्लॉज 3 मध्ये ठेका रद्द करून उरलेलं काम ठेकेदाराच्या खर्चाने दुसऱ्याकडून करून घ्यायची सोय आहे, आणि ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने द्यायची आणि मग ती ठेकेदाराकडून वसूल करायची हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात आलं (तो नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू होता). कलमं कोरडी वाटतात पण त्यातल्या बऱ्याच कलमांमागे असं कुणाचंतरी नुकसान आहे असं मला मनापासून वाटतं.

त्याच सुमाराला डलहौसीने लष्करी बोर्डाच्या हातातून बांधकामं काढून 1854-55 मध्ये स्वतंत्र पीडब्ल्यूडी, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खातं, उभी केली आणि तिला लागणारी माणसं तयार करायला 1854 लाच पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, तेच आजचं सीओईपी, पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज. 1872 ला करार कायदा आला, ज्यातलं कलम 55 (वेळेत काम) आणि कलम 74 (करारात लिहिलेला दंड) आजही प्रत्येक भांडणात निघतं. मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीचे हे फॉर्म पुढे महाराष्ट्राकडे आले. एक गोष्ट इथे नीट लक्षात घ्या. हे फॉर्म सरकारने एकट्याने लिहिले, समोरच्या बाजूला ठेकेदार बसलेलाच नव्हता.

इंग्लंडमध्ये तसं झालं नाही. तिथे 1870 मध्येच आर्किटेक्टच्या आणि बिल्डरच्या संस्थांनी मिळून अटींचा एक छापील नमुना काढला, 1909 ला दोघांना मान्य झालेला फॉर्म आला, 1931 ला जेसीटी नावाची संयुक्त समितीच बसली. सिव्हिल कामांसाठी 1945 ला आयसीईच्या, म्हणजे तिथल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेच्या, अटी आल्या, त्याही इंजिनिअर आणि ठेकेदार संघटना एकत्र बसून. त्याच धाटणीवर फिडिक या सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1957 ला ठेक्याच्या अटींचं रेड बुक काढलं. त्यातही निर्णय इंजिनिअरच देतो, पण तो इंजिनिअर म्हणजे मालकाने बाहेरून नेमलेला सल्लागार, त्याचा पगार मालकाच्या पगारपत्रकावर नसायचा, आणि 1987 च्या आवृत्तीत तर त्याने निःपक्षपाती राहायचं असं स्पष्ट घातलं. आपल्याकडे ती खुर्ची तशीच राहिली, फक्त तिच्यावर खात्याचाच अधिकारी बसला. माझ्या मते गोंधळाचं मूळ इथेच आहे.

कोकणात याचा चटका जास्त बसतो कारण इथे पाऊस आणि जमीन दोन्ही बेभरवशाची. वर्क ऑर्डरमध्ये 12 महिने पावसाळ्यासह असं लिहिलेलं असतं, आणि जून ते सप्टेंबर कातळावर पाणी वाहत असतं, खडीची गाडी आत जात नाही. क्लॉज 6 सांगतो की अडथळा आला तर 30 दिवसांच्या आत मुदतवाढ लेखी मागा, नाहीतर क्लॉज 2 चा दंड लागू, रोज एक टक्क्यापर्यंत आणि एकूण दहा टक्क्यांपर्यंत. निसर्ग वादळ 3 जून 2020 ला आलं, तौक्ते मे 2021 मध्ये, चिपळूणचा पूर 22 जुलै 2021 ला, या तिन्ही वेळी माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांना वाटलं की एवढं सगळ्यांना दिसतंय तर पत्र कशाला द्यायचं.

मी स्वतः एका खाडीपुलाच्या जोडरस्त्यावर हेच भोगलंय. ट्रायल पिटमध्ये (चाचणीच्या खड्ड्यात) जांभा होता, दोन मीटर खाली काळा कातळ लागला, रेटमध्ये मोठा फरक. शाखा अभियंता साईटवर म्हणाले करा काम, बघू, आम्ही सुरुंग लावून काम केलं, एमबीत (मोजमाप वहीत) नोंद मऊ खडकाचीच झाली, ते बदलून गेले आणि नंतरच्या साहेबांनी कागद मागितला तो नव्हता. आयसीईच्या आणि फिडिकच्या क्लॉज 12 मध्ये अशा न दिसणाऱ्या जमिनीसाठी वेगळा मोबदला आहे, आपल्या टेंडरमध्ये तुम्ही साईट पाहून खात्री केली आहे एवढंच वाक्य. आमच्या हाताशी फक्त क्लॉज 38 होता, टेंडरमधलं प्रमाण 25 टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं की जादा भागाला चालू डीएसआरचा (सरकारी दरसूचीचा) रेट मागता येतो, पण त्यालाही एमबीतली नोंद बरोबर लागते.

मोठ्या कामांत, वादात निर्णय कुणाचा हे प्रश्न थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. 1990 ला स्थापन झालेल्या कोकण रेल्वेची पूर्ण लाईन 26 जानेवारी 1998 ला सुरू झाली, पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळून काम वर्षानुवर्षं अडलं. कोकण रेल्वे विरुद्ध राणी कन्स्ट्रक्शन या 2002 च्या निकालात पाच न्यायाधीशांनी ठरवलं की लवाद नेमण्याचा मुख्य न्यायाधीशांचा आदेश प्रशासकीय आहे, न्यायिक नाही. 2005 ला सात न्यायाधीशांनी ते उलटवलं. तिकडे फिडिकनेही 1999 ला इंजिनिअर मालकाच्या वतीने वागतो हे सरळ मान्य करून वाद वेगळ्या मंडळाकडे दिला, आणि ठेकेदाराला 28 दिवसांची नोटीस सक्तीची केली. आपल्याकडे 2015 च्या दुरुस्तीने पक्षकाराचा नोकर लवाद होऊ शकत नाही असं झालं, नोव्हेंबर 2024 ला घटनापीठाने सरकारी कंपनीने एकतर्फी लवाद नेमणंही नाकारलं. पण जून 2024 मध्येच केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने सांगितलं होतं की लवादाचं कलम साधारण 10 कोटींच्या आतल्या वादांपुरतंच ठेवा.

आमच्यासारख्या साकववाल्यांचे वाद मुळात तिथवर पोचतच नाहीत, ते उपविभागातच मिटतात किंवा बुडतात. हल्ली मी टेंडर उघडलं की रेट नंतर, आधी क्लॉज 2, 6, 30 आणि 38 बघतो, आणि काम सुरू झालं की अडथळ्यांचं रजिस्टर रोज संध्याकाळी भरून शाखा अभियंत्यांची सही त्याच दिवशी घेतो, पाऊस किती पडला तेही त्यात असतं.