सगळी उत्तरं एकदम तपासणारा संगणक?

डिसेंबर 2024 मध्ये गूगलने क्वांटम संगणकाची 105 क्युबिटची 'विलो' चिप जाहीर केली; क्युबिट म्हणजे अशा संगणकातलं माहितीचं सगळ्यात लहान एकक. महासंगणकाला 1 वर 25 शून्यं इतकी वर्षं लागतील असं गणित तिने पाच मिनिटांच्या आत केलं, ही बातमी सगळीकडे फिरली. ते गणित चिपची परीक्षा घेण्यापुरतं बेतलेलं होतं, व्यवहारात त्याचा उपयोग नाही, हे मथळ्यांत आलं नाही. जानेवारी 2025 मध्ये चिप-कंपनी एन्व्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग म्हणाले, खरोखर उपयोगी क्वांटम संगणकाला वीसेक वर्षं लागतील. लगेच अमेरिकेतल्या क्वांटम कंपन्यांचे शेअर धाडकन कोसळले. चर्चा अशी हेलकावते, कारण आपण एक चुकीचं वाक्य धरून बसलोय: 'क्वांटम संगणक सगळी उत्तरं एकाच वेळी तपासतो.'

क्युबिट 0 आणि 1 यांच्या मिश्र अवस्थेत असतो, हे बरोबर. पण मोजायला गेलं की असंख्य शक्यतांतली एकच हाती लागते, तीही कोणती ते आधी सांगता येत नाही. मग फायदा कसला? प्रत्येक शक्यतेला एक आयाम (अँप्लिट्यूड, म्हणजे एक आकडा) असतो, आणि त्याच्या वर्गावरून तिची संभाव्यता ठरते. संभाव्यता कधी ऋण नसते; आयाम मात्र असू शकतो! एकाच उत्तराकडे दोन वाटा जातात, एकीचा आयाम +½, दुसरीचा −½. बेरीज शून्य, म्हणजे ते उत्तर येणारच नाही. पाण्यावर एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडला की पाणी सपाट राहतं, तसंच. शाळेत शिकलेलं व्यतिकरण ते हेच. चुकीच्या उत्तरांच्या वाटा एकमेकींना खोडतील आणि बरोबरच्या एकमेकींत भर घालतील, अशी आखणी करणं ही क्वांटम अल्गोरिदमची खरी करामत. गणितज्ञ पीटर शोर यांना 1994 साली मोठ्या संख्येचे अवयव पाडण्यासाठी ती साधली, कारण त्या प्रश्नाच्या पोटात आवर्तन, म्हणजे ठरावीक अंतराने होणारी पुनरावृत्ती, दडलेलं आहे. प्रत्येक प्रश्नात असं काही दडलेलं नसतं.

म्हणून कर्करोगापासून हवामानापर्यंत सगळं सुटेल असं कुणी म्हणालं, की 'कोणत्या अल्गोरिदमने?' हे विचारावंच. आणि 'क्वांटम' लॉकेट विकणाऱ्याला तर दारातही उभं करू नये; 2021 साली नेदरलंड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने किरणोत्सर्गी म्हणून जाहीर केलेल्या वस्तूंत असं एक लॉकेटही होतं.

भारताने 2023 मध्ये 6,003.65 कोटी रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण आजची बरीच सांकेतिक कुलपं मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड आहे, यावरच टिकून आहेत. शोर यांची रीत मोठ्या प्रमाणावर चालवू शकणारं यंत्र जेव्हा येईल, तेव्हा अशा कुलपांत आज चोरून साठवलेला मजकूरही उलगडेल. अमेरिकेत मानकं ठरवणाऱ्या निस्ट या संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये अशा यंत्राला पुरून उरतील अशा कुलपांची तीन नवी मानकं जाहीर केली आहेत. आपल्या बँका आणि रुग्णालयं ती कधी स्वीकारणार, हे आपण आजच विचारायला हवं.