हरीणदर्शन, मचाणावरील (हंगामारंभीचे)

उत्तर अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणारे लोक हंगामाच्या पहिल्या काही आठवड्यांत झाडाला बांधलेल्या मचाणावर बसून हरणांचे निरीक्षण करतात. हा काळ साधारणपणे ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा. या काळात काय दिसते, का दिसते आणि त्या दिसण्यावरून काय ठरवता येते याची माहिती या नोंदीत दिली आहे. हरीण मुख्यत्वे एकच : पांढऱ्या शेपटीचे हरीण (शास्त्रीय नाव ओडोकॉइलियस व्हर्जिनिएनस). चितळ आणि सांबर ज्या सर्व्हिडी कुलातले, त्यातलेच हेही. नरांची शिंगे दरवर्षी गळतात व नव्याने उगवतात. काळवीट आणि चिंकारा वेगळ्या कुलातले. त्यांची शिंगे जन्मभर टिकतात.

शिकारीच्या छंदाविषयी वाचकाचे मत काहीही असो, या निरीक्षणाला स्वतःचे मोल आहे. धनुर्धाऱ्याला हरीण वीस-तीस यार्डांच्या आत यावे लागते, म्हणून तो तासन्‌तास हालचाल न करता बसतो. बहुतेक बैठकी बाण न सोडताच संपतात. इतका वेळ इतक्या स्तब्धपणे जंगलाकडे पाहणारी माणसे फार थोडी असतात, आणि तेथील वन्यजीव खात्यांनी या गोष्टीचा चांगला उपयोग करून घेतला आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी अनिर्बंध शिकार, मांस-कातड्याचा बाजार आणि जंगलतोड यांमुळे अमेरिकेतील या हरणांची संख्या ३ ते ५ लाखांवर आली होती. आज ती सुमारे ३ कोटी मानली जाते. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्यीय व्यापाराला चाप बसला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व दारूगोळ्यावरील कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. १९७२ च्या दुरुस्तीने धनुष्यबाणांवरही ११ टक्के अबकारी कर लागू झाला. त्याच वर्षी भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडची परवान्यावरची शिकारही बंद झाली. दोन देशांनी एकाच प्रश्नाला किती वेगळी उत्तरे दिली, हे यातून दिसते.

केवळ धनुष्यबाणासाठी राखलेला हरणांचा आधुनिक हंगाम प्रथम विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये ठेवला. पुढे मिसुरीतील हॉलेस विल्बर ॲलन यांनी कप्पी लावलेले कंपाउंड धनुष्य तयार केले. त्याचे पेटंट १९६९ मध्ये मंजूर झाले. या धनुष्याची दोरी पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार बराच कमी होतो, त्यामुळे नवख्यालाही नेम धरून थांबता येते. धनुर्धाऱ्यांची संख्या वाढण्यामागे हे मोठे कारण होते.

मचाण

विदर्भ-मराठवाड्यात ज्वारीच्या राखणीसाठी शेतात माळा बांधतात, तशी ही ऐसपैस जागा नसते. एका माणसाला जेमतेम बसता येईल एवढे धातूचे आसन आणि पाय टेकायला फळी, बस्स. काही मचाणांना शिडी जोडलेली असते, काही पट्ट्यांनी खोडाला आवळतात, काही माणसासकट खोडावर सरकवत वर नेता येतात. अलीकडे आसनाऐवजी कमरेभोवतीच्या झोळीत बसून झाडाला लटकण्याची पद्धतही रुळली आहे. उंची बहुधा १५ ते २५ फूट. एवढ्या उंचीवर माणूस हरणाच्या नेहमीच्या नजरेच्या वर राहतो आणि त्याचा वासही काही प्रमाणात वरच्या वर निघून जातो. मात्र जिथे वर्षानुवर्षे शिकार होते तिथल्या वयस्क माद्या झाडावर मान वर करून पाहायला शिकलेल्या असतात.

मचाणावरून पडणे हे तेथील शिकाऱ्यांच्या गंभीर दुखापतींचे एक प्रमुख कारण आहे. शिडीवरून फळीवर पाय टाकण्याचा क्षण विशेष घातक. म्हणून जमिनीवरून पाय उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत पूर्ण अंगाचा सुरक्षापट्टा दोरीला अडकवलेला ठेवावा, धनुष्य हातात न घेता नंतर दोरीने वर ओढावे, असे शिकवले जाते. वर्षभर उन्हापावसात राहिलेले आणि खारींनी कुरतडलेले पट्टे दर हंगामाआधी तपासावे लागतात.

या दिवसांत काय दिसते

हंगाम कधी उघडतो ते राज्यागणिक बदलते. साउथ कॅरोलायनाच्या किनारी भागात खासगी जमिनींवर तो १५ ऑगस्टलाच सुरू होतो, केंटकीत सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी, विस्कॉन्सिनमध्ये सप्टेंबरच्या मध्याच्या सुमारास, तर मिशिगन व आयोवात १ ऑक्टोबरला. या महिना-दीड महिन्याच्या फरकात हरणाचे रूपच पालटते.

उन्हाळाभर नराची शिंगे रक्तवाहिन्यांनी भरलेल्या, बारीक केसांच्या त्वचेखाली वाढतात. तिला मखमल म्हणतात. दिवस लहान होऊ लागले की टेस्टोस्टेरॉन वाढते, शिंगांचे हाड पक्के होते, रक्तपुरवठा तुटतो आणि मखमल सोलून निघू लागते. नर कोवळ्या झाडांवर शिंगे घासून ती उतरवतो. एकदा सुरुवात झाली की बहुधा दिवसभरात काम आटोपते. बहुतेक नरांत हे ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत घडते. म्हणून केंटकीतल्या मचाणावरून पहिल्या शनिवारी मखमली शिंगांचा नर दिसू शकतो, पण मिशिगनमधल्या माणसाला तसा नर दिसलाच तर तो अपवाद असतो, आणि त्यामागे बहुधा वृषणांचा विकार किंवा इजा असते.

मखमल असेपर्यंत नर गटाने राहतात. जुलैत चार-पाच नर एकाच शेतात खांद्याला खांदा लावून चरताना दिसतात. शिंगे उघडी झाली की आधी हलक्या टकरी सुरू होतात, मग गट मोडतो. उन्हाळ्यात ज्या नराची रोजची वाट पाठ झाली होती तो सप्टेंबरच्या अखेरीस मैलभर दुसरीकडे राहायला गेलेला असू शकतो. याउलट दीड वर्षाचे तरुण नर आईचा प्रदेश सोडून लांब जातात; त्यामुळे मचाणासमोर अचानक उगवलेला अनोळखी लहान नर बहुधा दुसऱ्या रानातून आलेला असतो.

वय ओळखताना फसगत होते ती याच दिवसांत. नोव्हेंबरच्या माजात नराची मान फुगते, छाती भारी दिसते. सप्टेंबरात तोच नर सडपातळ आणि उंच पायांचा वाटतो, आणि पाहणारा त्याचे वय एखाद-दोन वर्षांनी कमी धरतो. अंगावरचे तांबूस, विरळ उन्हाळी केस जाऊन करडे-तपकिरी दाट केस येण्याचा काळही हाच; एकाच कळपात एक हरीण तांबडे आणि दुसरे करडे दिसते.

माद्या मुली-नातींसह कुटुंबाने फिरतात. गर्भकाळ सुमारे २०० दिवसांचा असल्याने बहुतेक पाडसे मेअखेर ते जूनमध्ये जन्मतात आणि त्यांचे ठिपके सप्टेंबर-ऑक्टोबरात केस बदलताना जातात. ऑक्टोबर उलटत आला तरी ठळक ठिपक्यांचे लहानसे पाडस दिसले, तर त्याची आई मागच्या नोव्हेंबरात गाभण न राहता सुमारे २८ दिवसांनी पुन्हा माजावर आल्यावर राहिली असावी. मचाणावरून दिसलेले एक पाडस अशा रीतीने गेल्या वर्षीच्या माजाबद्दल बोलते. नर पाडसाच्या कपाळावर या वयात फक्त दोन उंचवटे असतात, ते दुरून दिसत नाहीत, आणि एकटे फिरणारे असे पाडस पुष्कळदा मादी म्हणून मोजले जाते.

अन्न, उष्मा आणि वारा

सप्टेंबरच्या सुरुवातीला हरणे हमखास दिसण्याची जागा म्हणजे हिरव्या सोयाबीनचे किंवा लसूणघासाचे शेत. सोयाबीन पिवळे पडू लागले की हरणे त्याची पाने सोडतात. त्याच सुमारास पांढऱ्या ओकची फळे पडू लागतात. तांबड्या ओकच्या फळांपेक्षा त्यांत तुरट टॅनिन कमी असते, त्यामुळे हरणांची पसंती त्यांना. मग जनावराला उघड्या शेतात यायचे कारणच उरत नाही. ते पानांनी गच्च रानात, झाडाखालीच खात राहते. मक्याचे उभे पीक असेल तर अन्न आणि आडोसा दोन्ही एकाच ठिकाणी मिळतात.

शेताकडे तोंड करून बसलेल्याला अर्थातच हरणे नाहीशी झाल्यासारखी वाटतात. ऑक्टोबरात हरणांची हालचाल मंदावते, हा शिकाऱ्यांमधला जुना समज यातूनच आला. जीपीएस गळपट्टे लावलेल्या हरणांच्या अभ्यासांत अशी मंदी आढळत नाही; नरांची रोजची भटकंती माजाकडे जाताना हळूहळू वाढतच जाते. पौर्णिमा-अमावस्येवरून हरणे कधी हलतील याची जी कोष्टके विकली जातात, त्यांनाही या अभ्यासांत फारसा आधार मिळत नाही. खात्रीचा घटक एकच, दिवसाची वेळ : पहाट आणि तिन्हीसांज. बहुतेक राज्यांत सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढाच वेळ बाण सोडायची मुभा असते, आणि पुष्कळदा हरीण त्या वेळेच्या काठावरच अवतरते.

उष्मा हा या काळाचा खास त्रास. हिवाळी केस आलेले जनावर गरम दुपारी सावलीत रवंथ करत बसते. वर बसलेल्यालाही घाम येतो, डास चावतात, आणि घामाचा वास वाऱ्यावर जातो. हरणाचे नाक माणसाच्या कल्पनेपलीकडचे आहे, म्हणून हरणांच्या वाटेवरून आपल्याकडे वारा येईल अशा बाजूला मचाण बांधतात. डोंगराळ भागात तेवढ्याने भागत नाही. सकाळी उतार तापला की हवा वर चढते, संध्याकाळी गार होऊन खोऱ्याकडे उतरते. सकाळी उत्तम असलेली जागा संध्याकाळी निरुपयोगी ठरते. डोळ्यांचे मात्र उलटे. हरणाला निळा रंग चांगला दिसतो, पण तांबडा-नारिंगी वेगळा ओळखता येत नाही, त्यामुळे शिकाऱ्याच्या नारिंगी जाकिटापेक्षा त्याने उचललेला हात जास्त घातक ठरतो. संशय आला की मादी पुढचा पाय आपटते, मग नाकातून जोरात फुस्कारते आणि शेपटी उभारून तिची पांढरी बाजू दाखवत पळते. ताडोब्यात चितळाची हाक ऐकून सावध होणाऱ्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. त्यानंतर त्या संध्याकाळी तिथे काही दिसण्याची आशा फारशी राहत नाही.

दर्शनांची आकडेवारी

इंडियाना राज्यात १९९२ पासून आणि आयोवात २००४ पासून धनुर्धाऱ्यांकडून पद्धतशीर नोंदी मागवल्या जातात. न्यूयॉर्कमध्येही अशा नोंदवह्या भरून घेतात. प्रत्येक बैठकीची तारीख, ठिकाण, किती तास बसलो आणि काय दिसले एवढेच लिहायचे. हरणांबरोबर टर्की, कायोटी, कोल्हे, बॉबकॅट, रॅकून यांचीही नोंद होते. आयोवात निष्कर्ष दर १,००० तासांमागे किती प्राणी दिसले अशा रूपात मांडतात. भागिले तास ही त्यातली कळीची गोष्ट. पन्नास हरणे दिसली या वाक्याला, किती वेळ बसून दिसली हे कळल्याशिवाय अर्थ नाही.

काहीच दिसले नाही अशी बैठकही लिहावी लागते, आणि हौशी निरीक्षक नेमकी तीच गाळतो. शिवाय शिकारी चांगल्या जागीच बसतो. तेच हरीण चार संध्याकाळी आले तर चारदा मोजले जाते. शिंगवाल्या नराकडे डोळे जास्त लागतात. सप्टेंबरातल्या दाट पानांत वीस यार्डांवरचे हरीणही सुटते. म्हणून या आकड्यांना कोणी हरणांची संख्या म्हणत नाही. त्याच राज्यात, त्याच आठवड्यांत, त्याच पद्धतीने वर्षानुवर्षे नोंदी झाल्या तर चढ-उतार कळतो. कायोटी किंवा बॉबकॅटसारख्या क्वचित दिसणाऱ्या प्राण्यांबाबत तर असा मोठ्या प्रदेशावरचा स्वस्त निर्देशांक दुसरीकडून मिळणे कठीण.

महाराष्ट्राला हा अनुभव ओळखीचा आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याकाठच्या मचाणांवर बसून होणारी प्राणीगणना एके काळी संख्येचा आधार मानली जाई. एकच सांबर दोन पाणवठ्यांवर जाऊ शकते, ही अडचण तीच. वाघांसाठी कॅमेरा ट्रॅप आणि तृणभक्षींसाठी ठरावीक रेषेवरून चालत केलेली मोजणी आल्यावर वनविभागाने या रात्रीला निसर्गानुभवाचे रूप दिले. तासांचा हिशेब ठेवून, वर्षांमधली तुलना करण्यापुरत्या त्या नोंदी वापरता आल्या असत्या असे वाटते. पण फक्त एका रात्रीच्या नोंदीत ढगाळ हवामानानेही निकाल फिरतो.

दर्शने अचानक घटली तर

उन्हाळ्याच्या शेवटी क्युलिकॉइडीस या बारीक चावऱ्या माश्यांमार्फत ईएचडी (एपिझूटिक हेमरेजिक डिसीज) हा विषाणुजन्य रोग पसरतो. मेंढ्यांच्या नीलजिव्हा रोगाचा विषाणू याचा जवळचा नातेवाईक. तापलेले हरीण पाण्याकडे जाते, त्यामुळे मेलेली जनावरे तळी-ओढ्यांच्या काठी सापडतात. कोरड्या वर्षी आटत्या पाण्याभोवतीच्या चिखलात या माश्या जास्त वाढतात. साथ स्थानिक असते : एका खोऱ्यातली हरणे निम्म्यावर येतात आणि शेजारच्या खोऱ्यात काहीच घडत नाही. सप्टेंबरात मचाणावर रिकामे बसणाऱ्याने आधी वारा आणि ओकची झाडे पाहावीत, नंतर पाणवठे. मृत हरणे आढळल्यास राज्याचे वन्यजीव खाते कळवायला सांगते. पहिल्या कडक हिमतुषारानंतर माश्या मरतात आणि त्या वर्षीची साथ ओसरते.

सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा वेगळा, प्रिऑन या विकृत प्रथिनामुळे होणारा आणि नेहमी प्राणघातक रोग आहे. तो १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम आढळला आणि २००२ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये निष्पन्न झाला. बाधित हरीण दीर्घकाळ निरोगीच दिसते, त्यामुळे मचाणावरच्या नजरेला तो कळत नाही; त्यासाठी मारलेल्या हरणाच्या लसीका ग्रंथी किंवा मेंदूतील ऊतींची तपासणी करावी लागते.