स्मॉल-ब्लॉक शेवरोले: सुट्या भागांच्या गुंत्यामागचा इतिहास

शेवरोलेची १९६९ ची कॅमारो किंवा १९७० ची शेव्हेल गाडी दुरुस्तीच्या कामाला घेतली की इंजिन खोलण्याआधीच एक प्रश्न उभा राहतो: आत नेमके काय आहे? शेवरोलेचे १९५५ चे आणि १९८५ चे स्मॉल-ब्लॉक (आटोपशीर आकाराचे) व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचे इंजिन, शेजारी ठेवले तर सख्खी भावंडे वाटतात. बरेचसे भाग एकमेकांना बसतातही, आणि फसगत होते ती या ‘बरेचसे’मुळेच. काय कशाला बसते हे समजून घ्यायचे तर कॅटलॉग चाळण्याआधी कंपनीने कोणत्या साली काय बदलले, ते पाहिलेले बरे.

एड कोल १९५२ मध्ये शेवरोलेचे मुख्य अभियंता झाले. तोवर शेवरोले म्हणजे सहा सिलिंडरची, भरवशाची पण संथ गाडी. त्यांच्या हाताखाली तयार झालेले २६५ घन इंचांचे व्ही-८ १९५५ च्या मॉडेलमध्ये आले. बोअर (सिलिंडरचा व्यास) ३.७५ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३ इंच. व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर आर्म पत्रा दाबून केलेले, म्हणजे स्वस्त आणि हलके. ही कल्पना शेवरोलेच्याच जनरल मोटर्स समूहातल्या पाँटिअ‍ॅकच्या क्लेटन लीच यांची. (जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला १९२८ पासून शेवरोले जोडत असे. ते काम १९५४ मध्ये थांबले, त्यामुळे हे इंजिन तिथे पोचलेच नाही.)

शेजारच्या दोन सिलिंडरच्या केंद्रांमधले ४.४ इंचांचे अंतर तेव्हा ठरले आणि पुढे कायम राहिले. क्षमता वाढवायची ती याच चौकटीत, बोअर आणि स्ट्रोक बदलून: १९५७ मध्ये २८३, १९६२ मध्ये ३२७, १९६७ मध्ये ३५०, १९७० मध्ये ४०० घन इंच. आज एका इंजिनाचा भाग दुसऱ्यात चालतो तो यामुळे.

भाग मुबलक असण्यामागे आणखी एक कारण, शेवरोलेचे अभियंता झोरा आर्कस-डंटोव्ह. डिसेंबर १९५३ मध्ये त्यांनी कंपनीतल्या वरिष्ठांना एक टिपण लिहिले. गाड्या वेगवान करण्याचा नाद असलेली तरुण पोरे फोर्डची भक्त आहेत. त्यांना इकडे वळवायचे तर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), व्हॉल्व्ह, मॅनिफोल्ड (हवा आत-बाहेर नेणाऱ्या नळ्या) असे तयार भाग कंपनीनेच पुरवावेत, हा त्यातला मुद्दा. एडेलब्रॉकसारख्या बाहेरच्या कंपन्यांनीही हे इंजिन हाती घेतले. १९६३ मध्ये अशा उत्पादकांची सेमा ही संघटना झाली. पाँटिअ‍ॅक किंवा ओल्ड्समोबिलच्या इंजिनांच्या मानाने शेवरोलेचे भाग स्वस्त आणि मुबलक मिळतात, त्याचे मूळ इथे आहे. इंजिन श्रेष्ठ होते म्हणूनच हे घडले, असे मला वाटत नाही.

आता गुंत्याकडे. जुन्या २८३ आणि ३२७ मध्ये क्रँकचे (पिस्टनची हालचाल फिरती करणाऱ्या दांड्याचे) मेन जर्नल, म्हणजे तो इंजिनाच्या सांगाड्यात (ब्लॉकमध्ये) जिथे टेकून फिरतो तो भाग, २.३० इंच व्यासाचे. ३५० मध्ये ते २.४५ झाले, १९६८ पासून ३२७ लाही तेच आले आणि ४०० मध्ये २.६५. म्हणजे १९६५ च्या ३२७ च्या ब्लॉकमध्ये ३५० चा क्रँक सरळ उतरत नाही. ४०० च्या क्रँकचे मेन जर्नल २.४५ पर्यंत ग्राइंड करून, ३५० चा ब्लॉक तीस हजारांश इंच रीबोअर केला (सिलिंडर तेवढे रुंद केले) की प्रसिद्ध ३८३ तयार होते. पण ४०० चा समतोल बाहेरून साधलेला असतो. तो क्रँक घेतला की पुढचा बॅलन्सर (थरथर शोषणारी चकती) आणि मागचा फ्लायव्हीलही त्याच जातीचा लागतो. हे विसरून जोडलेले इंजिन थरथरते आणि बेअरिंगे खाते. १९८६ मध्ये मागचे ऑइल सील दोन तुकड्यांऐवजी अखंड झाले. तेव्हा ब्लॉक आणि क्रँक त्या सालाच्या एकाच बाजूचे असलेले बरे. अ‍ॅडॉप्टरने काही जोड्या जमतात, पण नसती उठाठेव होते.

हेड (सिलिंडरवरचे झाकण, ज्यात व्हॉल्व्ह असतात) निवडताना १९७१ हे साल आडवे येते. कमी शिशाच्या पेट्रोलची तयारी म्हणून जनरल मोटर्सने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, उतरवले. १९७० च्या कॅमारोतल्या एलटी-१ ला (३५० चीच जोमदार आवृत्ती) ११:१ आणि ३६० अश्वशक्ती. १९७१ मध्ये ९:१ आणि ३३०. १९७२ मध्ये कागदावर २५५. हा शेवटचा आकडा बराचसा मोजणीचा खेळ आहे. तोवर शक्ती मोजताना इंजिनावर एअर फिल्टर, गाडीचा सायलेन्सर वगैरे ओझे नसे, मग ते धरले जाऊ लागले. कॉम्प्रेशनमधली घट मात्र खरी. ज्वलनकक्ष ६४ घन सेंटिमीटरचे होते, त्याऐवजी ७६ चे हेड सर्रास आले. सपाट पिस्टनवर असे हेड चढवले की महागडा कॅम टाकूनही इंजिन मंदच राहते. १९९६ चे व्होर्टेक हेड पुन्हा ६४ च्या घरातले, स्वस्त आणि उत्तम श्वास घेणारे. पण त्याचे बोल्ट वेगळ्या जागी, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डही नवे घ्यावे लागते. माझे मत विचाराल तर पैसे आधी हेडवर घालावेत, कॅम त्याला शोभेल असा नंतर निवडावा.

पेट्रोलमधले शिसे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेवर) पातळ थर धरून तिचे रक्षण करी. ते गेल्यावर जुन्या हेडमध्ये कडक सीट बसवण्याची प्रथा पडली. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर १९९६ पासून पूर्ण बंदी आहे. रविवारी फेरफटका मारणाऱ्या गाडीला मात्र ही घाई नको. सीट खचलेली दिसली तर बदलावी. तेलाचे दुखणे जास्त गंभीर आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नयेत म्हणून नव्या तेलांतले जस्त-फॉस्फरसचे संयुग कमी केले गेले, आणि जुन्या सपाट टॅपेटच्या (कॅमवर घासत व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाच्या) कॅमला तेच लागते. नवा कॅम पहिल्या वीस मिनिटांत झिजून गोल होण्याच्या तक्रारी त्यामुळे वाढल्या. शेवरोलेने १९८७ पासून घासण्याऐवजी चाकावर फिरणारे रोलर टॅपेट आणले होते. आज जुन्या ब्लॉकमध्येही रोलर कॅमचा संच बसवतात तो याच भीतीने.

शेवटची अडचण यांत्रिक नाही. उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकवर एक छोटी सपाट जागा असते. तिथे इंजिनाचा कोड आणि १९६० च्या दशकाच्या अखेरच्या गाड्यांत गाडीच्या क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो. गाडीचे मूळ इंजिन तेच, हे त्यावरून ठरते आणि किंमतही. ब्लॉकचा माथा सपाट करायला मशीनवर चढवला की ही अक्षरे तासली जातात. म्हणून मशीन शॉपला ती जागा सोडायला आधीच सांगावे लागते. अनेक मालक तर मूळ ब्लॉक तेल लावून बाजूला ठेवतात आणि दुसऱ्याच ३५० वर गाडी पळवतात.