दाजींचा ठंडा आणि त्यातली साखर

आमच्या लातूरकडं जावयाचा मान अजून राखतात. दाजी दारात आले की हातपाय धुवायला पाणी द्यायचं, आणि ते टॉवेलनं पुसून होईस्तोवर पुतण्या कोपऱ्यावरच्या दुकानातून 'ठंडा', म्हणजे कोल्याची बाटली, घेऊन आलेला असतो. पूर्वी चहा व्हायचा. आता उन्हाळ्यात चहाचं कुणी नाव काढत नाही. या एप्रिलात मात्र दाजींनी ग्लास उचलला, क्षणभर बघितला आणि खाली ठेवला. गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारा एचबीए१सीचा रिपोर्ट ६.२ आला होता. ५.७ च्या आत असलं तर ठीक, ६.५ पासून पुढं मधुमेह. दाजी मधल्या पट्ट्यात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीचा अंदाज असा, की देशात मधुमेह झालेले १०.१ कोटी लोक आहेत आणि दाजींसारखे उंबरठ्यावर उभे असलेले १३.६ कोटी.

"बंद तर करू, पर मग प्यावं काय?" दाजींनी विचारलं.

ताईकडं उत्तर तयार होतं. उसाचा रस, गुळाचं पन्हं, आंब्याचं ज्यूस, सरबत. "घरचं हाय, त्यानं काय होतंय?"

मी गप्प बसलो, कारण त्या यादीतल्या निम्म्या गोष्टी साखरेच्या बाबतीत ठंड्यापेक्षा वरचढ आहेत, आणि हे ताईला तोंडावर सांगायचं म्हणजे जेवण हुकायचं.

दाजींचा तो भरलेला ग्लास रात्रभर ओट्यावर तसाच राहिला. सकाळी मी त्यातला एक घोट घेतला. गॅस उडून गेलेला, बर्फाचा पत्ता नाही, लातूरच्या एप्रिलातल्या स्वयंपाकघरासारखंच कोमट. गुलाबजाम संपल्यावर पातेल्यात उरलेला पाक कुणीतरी उलीसं पाणी घालून दिल्यासारखं लागलं. दुसरा घोट घशाखाली उतरेना. आदल्या संध्याकाळी हेच पेय सगळ्यांनी गटागटा प्यायलं होतं.

रात्रीतून त्यात साखर कुणी वाढवली नव्हती. कोल्यात १०० मिलिलिटरला सुमारे १०.६ ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या ग्लासात २६ ग्रॅम, घरच्या चमच्यानं मोजली तर पाच चमचे. (बाटलीच्या मागं बारीक अक्षरात १०.६ हा आकडा असतो. तो अख्ख्या बाटलीचा समजून समाधान मानणारे मी बरेच पाहिलेत.) चहात कुणी पाच चमचे साखर घातली तर आपण कप परत पाठवू. ठंड्यात ती चालते, कारण तिथं तिला लपवायला तीन जण उभे असतात.

पहिला गारवा. जिभेवरच्या ज्या पेशी गोडाची खबर पुढं पाठवतात, त्यांच्यात टीआरपीएम५ नावाचं एक प्रथिन असतं. दरवाजासारखं समजा. उबेत ते सताड उघडतं, गारठ्यात किलकिलं होतं. म्हणून वितळलेलं आईस्क्रीम गोडमिट्ट लागतं आणि तेच गोठलेलं असताना बेतशीर. दुसरा आंबटपणा. कोल्यात फॉस्फोरिक आम्ल असतं, आणि त्याचा सामू, म्हणजे पीएच (जितका कमी तितकं आंबट), अडीचच्या आसपास, जवळपास लिंबाच्या रसाइतकाच. आंबट गोडाला मारतं हे आपल्याला ठाऊकच आहे, नाहीतर पन्ह्यात इतका गूळ खपला नसता.

तिसरी ती झिणझिण, आणि तिची गंमत जरा निवांत सांगण्यासारखी आहे. आपल्याला वाटतं बुडबुडे जिभेवर फुटतात म्हणून टोचतं. पण जास्त हवेच्या दाबाखाली, जिथं बुडबुडे तयारच होत नाहीत, तिथं लोकांना सोडा पाजून पाहिला, तरी त्यांना तो तितकाच झोंबला. टोचतो तो कार्बन डायऑक्साइड. जिभेवरचं कार्बॉनिक अॅनहायड्रेज नावाचं विकर (एन्झाइम) पाण्यातल्या या वायूचं जागच्या जागी आम्ल करतं, आणि त्या आम्लाची चिमटी चव घेणाऱ्या पेशींना आणि वेदना कळवणाऱ्या नसांनाही बसते. उंच डोंगरावर त्रास होऊ नये म्हणून गिर्यारोहक अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या घेतात. ती गोळी नेमकं हेच विकर बंद पाडते, आणि मग शिखर गाठल्याच्या आनंदात उघडलेली शॅम्पेन त्यांना शिळ्या पाण्यासारखी लागते. थोडक्यात, सोड्याची मजा म्हणजे हौसेनं घेतलेला चिमटा. मिरचीच्या ठेच्यानं तोंडाला पाणी सुटणाऱ्या माणसांना हे वेगळं समजवायला नको.

पाण्यात हा वायू मुरवायची युक्ती जोसेफ प्रीस्टली यानं १७६७ मध्ये इंग्लंडातल्या लीड्स गावी, बिअरच्या भट्टीतल्या पिंपावर पाणी धरून शोधली. तेव्हा त्यात साखर नव्हती. आपल्या जत्रांमधली गोटी सोड्याची बाटली १८७२ ची, हायरम कॉड नावाच्या इंग्रजाच्या पेटंटची. आतला वायूच गोटीला तोंडाशी दाबून धरतो, बुचाची गरज नाही. अंगठ्यानं गोटी खाली दाबली की जो आवाज होतो, तो ऐकून अर्धी तहान भागते.

हे मी अगदीच थट्टेनं म्हणत नाही. नुसत्या पाण्यापेक्षा गार आणि झिणझिणीत पाणी तहान जास्त भागल्याचा भास देतं, हे प्रयोगांत दिसलंय. तेव्हा ठंड्यात आपल्याला खरोखर हवं असतं ते गारेगार, आंबट आणि झिणझिणीत. तिघांतही साखरेचा कण नाही. साखर त्यांच्या पाठीवर बसून येते.

आणि प्यायलेली साखर पोटाच्या हिशेबात धरली जात नाही. २००० साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग आहे, १५ जणांवरचा. त्यांना चार आठवडे रोज ४५० कॅलरींच्या चिकट गोळ्या खायला दिल्या आणि दुसरे चार आठवडे तेवढ्याच कॅलरींचं साखरेचं शीतपेय. गोळ्या खाल्ल्या तेव्हा त्यांनी नकळत बाकीचं जेवण तेवढं कमी केलं. शीतपेयाच्या काळात जेवण होतं तसंच राहिलं, आणि वजन वाढलं. चावलेलं मेंदू मोजतो, गिळलेलं सोडून देतो. पंधरा माणसं म्हणजे फार नव्हेत, पण नंतरच्या मोठ्या पाहण्यांचा रोखही तिकडंच आहे.

आता ताईची यादी. सुरुवात रसवंतीपासून, म्हणजे दुखऱ्या जागेवरच हात. उन्हाळ्यात लातूर-नांदेड रस्त्यानं जाताना हिरव्या जाळीचा मांडव, चरकाच्या घुंगरांचा आवाज, आलं-लिंबू घातलेला रस. मलाही मोह होतोच. पण उसाच्या ताज्या रसात १०० मिलिलिटरमागं साधारण १३ ते १५ ग्रॅम साखर असते, कोल्याहून जास्त. शेवटी साखर कारखान्यात जातो तो हाच रस. त्यात थोडं पोटॅशियम आहे, पण त्यासाठी पाऊण ग्लास पाक पिण्यात अर्थ नाही. गुळाचंही तेच, शंभरातले ऐंशीहून जास्त भाग साखर. रंग बदलला म्हणून यकृत फसत नाही. आंब्याचं म्हणून विकलं जाणारं बाटलीतलं पिवळं पेय तर बहुतेक वेळा कोल्याच्या बरोबरीनं किंवा वर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा पाहा. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसानं वरून घातलेली, मधातली, रसातली, गुळातली अशी सगळी साखर मिळून ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, २५ पर्यंत आणली तर उत्तम. दाजींचा एक ग्लास म्हणजे हा २५ चा कोटा संपला, अजून सकाळचा चहाही धरलेला नाही.

'शुगर फ्री' बाटल्यांबद्दल दाजींनी विचारलंच. त्यातल्या अॅस्पार्टेम या कृत्रिम गोडीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०२३ मध्ये 'कर्करोगास कारण ठरण्याची शक्यता' या गटात टाकलं, पण दिवसाला किलो वजनामागं ४० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा कायम राहिली, आणि ती ओलांडायला सत्तर किलोच्या माणसाला रोज ९ ते १४ कॅन प्यावे लागतील. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. वजन उतरवायला ही गोडी कामाची नाही, असंही संघटनेनं त्याच वर्षी सांगितलं. माझं मत असं, की रोज दोन बाटल्या रिचवणाऱ्यानं चार-सहा आठवडे काठी म्हणून तिचा आधार घ्यावा. जिभेला गोडाची ओढ मात्र तशीच राहते.

लाल रंगाच्या एनर्जी ड्रिंकवर मात्र माझा राग आहे. ऊसतोडीला जाणारी पोरं आणि शाळेतली पोरं, दोघांच्याही हातात आता ती बाटली दिसते. नियमानं तिच्यात लिटरमागं १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असतं, आणि मुलांनी, गरोदर बायकांनी पिऊ नये असं तिच्यावरच छापलेलं असतं.

मग प्यावं काय? "पाणी प्या" हे सांगायला सोपं आहे. ज्या गावात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं आणि बोअरचं पाणी खारं लागतं, तिथं बाटलीकडं हात का जातो हेही समजून घ्यायला पाहिजे. खारट कोमट पाण्याशी तुलना केली तर ठंडा जिंकणारच. म्हणून आधी पाणी गार करायचं, आणि त्या बाबतीत निसर्ग मराठवाड्याच्या बाजूनं आहे. माठाच्या छिद्रांतून पाझरलेलं पाणी उडून जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं, ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी (या लहान कॅलरी, खाण्यातली एक म्हणजे अशा हजार). दहा लिटरच्या माठातून शंभर मिलिलिटर पाणी उडालं तर उरलेलं जवळजवळ सहा अंशांनी उतरू शकतं. मे महिन्यात बाहेर ४२ अंश आणि हवेत आर्द्रता वीस टक्के असली, तर ओलं फडकं २४ अंशांच्या आसपास येतं. सावलीतला, वारं लागणारा माठ त्याच्या थोडा वर थांबतो. मुंबईच्या दमट हवेत हाच माठ हात टेकतो. वर वाळ्याची जुडी टाकली की खाऱ्या पाण्याचा वासही मरतो. माठ जुना झाला की छिद्रं क्षारांनी बुजतात, म्हणून दर उन्हाळ्याला नवा घ्यायचा ही आजीची रीत उधळपट्टीची नव्हती.

झिणझिण हवी तर साधा सोडा, अर्धं लिंबू, चिमूटभर काळं मीठ, भाजलेलं जिरं. टपरीवर मागताना "साखर नको" हे दोनदा सांगावं लागतं, कारण हात सवयीनं पाकाच्या बाटलीकडं जातो. दोन गोष्टी सांभाळायच्या. लिंबूही आंबटच, आणि सामू साडेपाचच्या खाली गेला की दातांचं वरचं कवच विरघळायला लागतं, तेव्हा दिवसभर घोट घोट घेत बसू नये. आणि मीठ चिमूटभरच. अर्धा चमचा म्हणजे दिवसाच्या ५ ग्रॅम मर्यादेतलं निम्मं एका ग्लासात गेलं, आणि दाजींना बीपीही आहे.

ताकाची वकिली करायची गरज नाही. दह्याच्या तिप्पट पाणी घालून घुसळलं तर ग्लासात तीनेक ग्रॅम साखर, तीही दुधाची, आणि चाळीसेक कॅलरी. पण मला खरं कौतुक आहे ते आंबिलीचं. ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर भिजत ठेवायचं, सकाळी लसूण-जिरं घालून शिजवायचं, निववून प्यायचं. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात मिसळ भाज्यांच्या भज्जीबरोबर ती हवीच, आणि मग वर्षभर आपण तिला विसरतो. रात्रीतून लॅक्टिक आम्लाचे जीवाणू पिठात आंबटपणा आणतात, ज्वारीतलं लोह अडवून धरणारं फायटिक आम्ल कमी होतं. पिष्ट असल्यानं कॅलरी आहेत, पण पोटाला कळणाऱ्या. आंबील प्यायलेला माणूस दोन भाकरींवर उठतो.

एका ठिकाणी मात्र साखर लागते. हगवण लागली किंवा भर उन्हात घामानं माणूस गळाला, तर नुसतं पाणी कमी पडतं. आतड्यात साखर आणि मीठ एकाच दारातून जोडीनं आत जातात आणि पाण्याला मागं ओढून नेतात. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच जोरावर हजारो कॉलराग्रस्तांना वाचवलं. घरी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लिटरला तीसेक ग्रॅम साखर झाली. कोल्यात ती शंभरावर जाते, आणि इतकी दाट साखर उलट शरीरातलंच पाणी आतड्यात खेचते. म्हणून जुलाब झालेल्या पोराला ठंडा पाजू नये.

दाजींनी एकदम तोडलं नाही. पहिल्या आठवड्यात निम्मा ठंडा, निम्मा सोडा. मग पाव. साखर कमी केलेल्या लोकांना दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तोच पदार्थ पूर्वीपेक्षा गोड लागू लागतो, असं एका अभ्यासात दिसलं होतं. दाजींना ते खरं वाटलं नव्हतं. परवा लग्नात कुणीतरी आग्रहानं ग्लास हातात दिला, तर म्हणाले, "ह्यात साखर जास्त घातलीय का काय?"

रिपोर्टचं विचाराल तर तो अजून काढलेला नाही. एचबीए१सी म्हणजे रक्तातल्या लाल पेशींना चिकटलेली साखर, आणि त्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. घाई करून तपासलं तर जुन्याच पेशी जुनीच गोष्ट सांगतील. ताई पंचमीला माहेरी येईल तेव्हा दाजी कागद घेऊन येणार आहेत. पुतण्याला सांगून ठेवलंय, दुकानात जायचं ते सोड्यासाठी.