नागलकुडा

सह्याद्रीतला लहान वृक्ष. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी, आंबा भागातील जंगलांत आढळतो. शास्त्रीय नाव टॅबरनेमोंटाना अल्टर्निफोलिया, करवीर कुल. फांदी मोडली की पांढरा चीक येतो. फुले पांढरी, सुवासिक, पाकळ्या भिंगरीच्या पात्यांसारख्या पिळलेल्या; फळे जोडीने लागतात, वाकडी असतात आणि पिकली की नारिंगी दिसतात. अंगणातली तगर याच टॅबरनेमोंटाना प्रजातीतली, पण वेगळी जात.

या झाडात कोरोनॅरिडीन, व्होआकँजीन ही अल्कलॉइडे, म्हणजे वनस्पतींत बनणारी, शरीरावर तीव्र परिणाम करणारी रसायने असतात, आणि व्यसनमुक्तीच्या संशोधनात त्याचे नाव येते ते त्यांच्यामुळे. मध्य आफ्रिकेतल्या इबोगा या झुडपातील इबोगेन त्यांचे जवळचे नातेवाईक. गॅबॉनमधील ब्विती पंथाच्या विधींत इबोगाच्या मुळाची साल खातात. इबोगेन शुद्ध रूपात 1901 मध्ये वेगळे काढले गेले. 1962 मध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेला अमेरिकी तरुण हॉवर्ड लॉट्सॉफ याने ते नशेसाठी घेतले. अंमल उतरल्यावर हेरॉइनची तलफ आणि ते बंद झाल्यावर होणारा त्रास दोन्ही जाणवत नाहीत, असे त्याला आढळले. पुढच्या अभ्यासांतही हेरॉइन, मॉर्फिन अशा अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनाबाबत आशा दिसली, मात्र मोठ्या, नियंत्रित चाचण्या फारशा झालेल्या नाहीत. धोका मात्र पक्का आहे : इबोगेन हृदयाच्या पेशींतील पोटॅशियमचे मार्ग अडवते, ठोके बिघडतात, आणि त्यातून मृत्यू ओढवले आहेत.

इबोगेनचे दुष्परिणाम टाळण्यासाठी 1990 च्या दशकात कोरोनॅरिडीनच्या धर्तीवर 18-मेथॉक्सीकोरोनॅरिडीन हे संयुग प्रयोगशाळेत घडवले गेले. उंदरांवरील प्रयोगांत त्याने मॉर्फिन, कोकेनबरोबरच निकोटीन आणि दारूचेही सेवन घटवले. कोल्हापूरच्या दृष्टीने महत्त्वाचे हेच. इथल्या घराघरांना छळणारे व्यसन हेरॉइनचे नव्हे, दारूचे, तंबाखू-माव्याचे आहे. पण उंदरांवरचा निष्कर्ष म्हणजे माणसासाठीचे औषध नव्हे.

म्हणून नागलकुड्याची साल उकळून कुणी ‘दारू सोडवायचा काढा’ म्हणून दिली, तर ती घेऊ नये. तीत कोणते अल्कलॉइड किती उतरले हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर झटके येऊ शकतात. अशा माणसाला घरी काढ्यावर न ठेवता डॉक्टरांकडे न्यावे. दारूसाठी नाल्ट्रेक्झोन, डायसल्फिराम आणि तंबाखूसाठी निकोटीनचे च्युइंगम असे पारखलेले उपाय आज उपलब्ध आहेत.

मुळाची साल ओरबाडली की झाड सहसा जगत नाही.